उड्यांच्या शर्यतीत जिंकणारा घोडा कसा शोधायचा? चेल्टनहॅम आणि ग्रँड नॅशनलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या कॅम्पातल्या रेसकोर्सवर जाणाऱ्या मंडळींत मार्च उजाडला की एक प्रश्न हमखास निघतो: ‘इंग्लंडातले ते उड्या मारणारे घोडे, त्यांतला यंदा कोण येईल?’ लंडन-लेस्टरकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडूनही तोच फोन येतो, कारण त्यांच्या ऑफिसात ग्रँड नॅशनल या एप्रिलातल्या मोठ्या शर्यतीची चिठ्ठी काढलेली असते. खालचे प्रश्न अशाच गप्पांतले आहेत. कुठल्या घोड्यावर लावा, हे इथे सापडणार नाही. घोडा कसा पारखायचा, तेवढं सापडेल.

उड्यांच्या शर्यती म्हणजे नेमकं काय?

वाटेत अडथळे असलेली लांब पल्ल्याची शर्यत. मूळ आयर्लंडातलं. १७५२ साली कॉर्क परगण्यात दोघांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डोनेरेलच्या चर्चपर्यंत, मधले बांध-ओढे ओलांडत, साधारण साडेचार मैल घोडे पिटाळले. चर्चचा मनोरा लांबून दिसतो, म्हणून खूण त्याची. ‘स्टीपलचेस’ हे नाव तिथूनच आलं.

आज तीन प्रकार दिसतात. हर्डलमध्ये अडथळे बुटके आणि धक्का लागला तर वाकणारे. चेसमध्ये साडेचार फूट किंवा त्याहून उंच, भक्कम फेन्स. काहींच्या पुढ्यात खंदक. तिसरा बंपर, यात अडथळाच नसतो. उद्याच्या हर्डलवाल्यांची ती शिकवणी. घोडा साधारणपणे बंपर, हर्डल, चेस अशा पायऱ्या चढतो, पण प्रत्येकाला तिसरी पायरी जमतेच असं नाही. हर्डलवर सगळ्यांना धूळ चारणारा घोडा फेन्ससमोर गांगरतो, हे दर हंगामात दिसतं.

महालक्ष्मीचा अनुभव इथे कामाला येतो का?

अर्धा येतो. फॉर्म, म्हणजे आधीच्या शर्यतींचे निकाल, वाचणं, ट्रेनरचा अंदाज घेणं, वजनाचा हिशेब, भाव कुठे हलतोय ते बघणं, हे सगळं तेच. आपल्याकडच्या नियमित शर्यती मात्र सपाटीच्या, त्यामुळे काही सवयी सोडाव्या लागतात.

पहिली सवय ड्रॉची, म्हणजे सुटण्याच्या जागेचा नंबर बघण्याची. इथे स्टार्टिंग गेटच नसतं, दोरीमागून सुटतात, त्यामुळे कुठला नंबर आतला नि कुठला बाहेरचा हा प्रश्न निकालात निघतो. दुसरी वयाची. आपली इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, २४०० मीटरची. चेल्टनहॅमच्या मार्चमधल्या चार दिवसांच्या फेस्टिवलमधली गोल्ड कप सुमारे ५.३ किलोमीटरची, २२ फेन्सची, आणि तिथे सात ते दहा वर्षांचा घोडा ऐन भरात असतो. यातले बहुतेक खस्सी केलेले असल्यामुळे पैदाशीसाठी लवकर निवृत्त होत नाहीत. याचा फायदा आपल्याला: एकेका घोड्याचा चार-पाच वर्षांचा इतिहास समोर असतो. वजनही वेगळं. गोल्ड कपमध्ये ११ स्टोन १० पौंड, म्हणजे साधारण साडेचौऱ्याहत्तर किलो पाठीवर. आपल्याकडचा हलका जॉकी तिथे खोगिरात शिसं भरून बसेल.

अंदाज बांधायला सुरुवात कुठून करावी?

गाळण्यापासून. सर्वांत वेगवान कोण, हा प्रश्न मी शेवटी घेतो. आधी बघायचं की शेवटच्या चढावर कोण कोण उरणार.

चेल्टनहॅमचा ट्रॅक त्यासाठी समजून घ्यायला हवा. क्लीव्ह टेकडीच्या पायथ्याशी, डाव्या हाताने वळणारा आणि सतत खालीवर होणारा. शेवटच्या अडथळ्यांकडे घोडे उतारावरून वेगाने येतात, तिथेच पडझड होते, आणि त्यानंतर विनिंग पोस्टपर्यंत चढ. सपाट ट्रॅकवर दोन लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) पुढे असलेला घोडा या चढावर पाय ओढायला लागतो आणि मागचा जाड छातीचा गडी त्याला गाठतो. त्यातही दोन ट्रॅक आहेत. फेस्टिवलचे पहिले दोन दिवस जुन्या ट्रॅकवर, पुढचे दोन नव्यावर. जुना जरा आवळ वळणांचा, जागा पकडून धावणाऱ्या चपळ घोड्याला मानवणारा. नव्यावर दमाची जास्त परीक्षा. मंगळवारची चॅम्पियन हर्डल जुन्यावर आणि शुक्रवारची गोल्ड कप नव्यावर होते, हे लक्षात ठेवलं तरी बरीच गल्लत टळते.

म्हणून प्रत्येक घोड्यासमोर तीन गोष्टी लिहायच्या: एवढं अंतर तो आधी पूर्ण ताकदीने धावलाय का, असा ट्रॅक त्याला मानवतो का, अशी जमीन त्याने पचवली आहे का. तिन्हींना ‘नाही’ आलेला घोडा कितीही गाजलेला असला तरी खोडायचा. दहा-बाराच्या मैदानात चार-पाचच नावं उरतात.

जोनबॉनचं उदाहरण बोलकं आहे. सॅनडाउन रेसकोर्सवर बादशहा, चेल्टनहॅमवरही नोव्हेंबरात जिंकलेला. पण मार्चच्या फेस्टिवलमध्ये २०२२, २०२३ आणि २०२५ अशा तिन्ही वेळा दुसरा. २०२५च्या चॅम्पियन चेसमध्ये तो फेव्हरिट होता, एक चूक झाली आणि मरीन नॅशनेल पुढे निघून गेला. घोडा भारीच, पण फेस्टिवलचा भरधाव वेग, गर्दी आणि चढ यांचा मेळ प्रत्येकाला जमत नाही.

आधीच्या कुठल्या शर्यतींना किती महत्त्व द्यावं?

गोल्ड कपकडे जाणारे घोडे नोव्हेंबरात हेडॉक, २६ डिसेंबरला केम्प्टनची किंग जॉर्ज, त्याच आठवड्यात आयर्लंडात लेपर्डस्टाउन आणि फेब्रुवारीत तिथलीच आयरिश गोल्ड कप, अशा वाटांनी येतात. किंग जॉर्ज मानाची खरी, पण केम्प्टन सपाट, उजव्या हाताचा आणि गोल्ड कपपेक्षा छोटा पल्ला. कॉटो स्टारने किंग जॉर्ज पाच वेळा जिंकली, गोल्ड कप दोनदा. दोन्हीकडे राज्य करणारे असे घोडे विरळा. लेपर्डस्टाउन डाव्या हाताचा आणि शेवटी चढाचा, त्यामुळे चेल्टनहॅमसाठी माझा कल तिकडे.

निकाल वाचताना अंतर विसरू नका. २०२४च्या नोव्हेंबरात पंचेसटाउनला अडीच मैलांवर फॅक्ट टू फाइलने दोनदा गोल्ड कप जिंकलेल्या गॅलोपाँ दे शाँला हरवलं, तेव्हा नव्या राजाच्या घोषणा झाल्या. पुढच्या दोन्ही गाठी तीन मैलांच्या, लेपर्डस्टाउनला, आणि दोन्ही गॅलोपाँने खिशात घातल्या. मालकाने शहाणपणा केला. मार्चमध्ये फॅक्ट टू फाइलला गोल्ड कपला न पाठवता अडीच मैलांच्या रायनएअर चेसला उतरवलं आणि तो नऊ लेंग्थने जिंकला. घोडा तोच, फक्त पल्ला त्याच्या मापाचा.

फॉर्ममध्ये ‘एफ’ किंवा ‘पी’ दिसला की घोडा बाद करायचा का?

घाई नको. ‘एफ’ म्हणजे पडला, ‘यू’ म्हणजे जॉकी खाली आला, ‘बी’ म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यात अडकून पडला, ‘पी’ म्हणजे जॉकीने थांबवला, ‘आर’ म्हणजे उडीच नाकारली. ‘बी’मध्ये बिचाऱ्या घोड्याचा दोष शून्य. ‘आर’ मात्र मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो मनाचा प्रश्न असतो.

‘एफ’ कुठे पडला ते बघा. २०२२च्या फेस्टिवलमध्ये गॅलोपाँ दे शाँ नवख्यांच्या चेसमध्ये आरामात पुढे होता आणि शेवटच्या फेन्सवर कोसळला; बॉब ओलिंजरला विजय आयता मिळाला. शर्यतीच्या माहितीपत्रकावर, म्हणजे कार्डावर, त्या दिवशीची नोंद एकच अक्षर. त्यानंतर २०२३ आणि २०२४ची गोल्ड कप त्याच घोड्याने नेली. जोरात असताना, शेवटी झालेली चूक माफ करावी. पहिल्या दोन-तीन फेन्सवर वारंवार अडखळणारा, उडीआधी पावलं चुकवणारा, उडी मारताना एका बाजूला सरकणारा घोडा मात्र जपून. या गोष्टी अक्षरांत येत नाहीत, व्हिडिओच बघावा लागतो.

२०२५ची चॅम्पियन हर्डल कुणाला तरी ओळखता आली असती का?

गोल्डन एस जिंकेल असं छातीठोक सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि निघा.

काय घडलं ते असं. कॉन्स्टिट्यूशन हिल, २०२३चा विजेता आणि मोठा फेव्हरिट, मध्येच पडला. मग आदल्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन एकटाच पुढे, विजय हातात, आणि शेवटच्या हर्डलवर तोही गेला. मागून आलेली गोल्डन एस २५/१च्या भावाने पहिली. नशीब होतंच. पण तिचं नाव यादीत ठेवायला कारणंही होती. आदल्याच वर्षी ती याच फेस्टिवलमध्ये घोडींच्या नवख्या हर्डलमध्ये जिंकली होती, म्हणजे ट्रॅकचा प्रश्न सुटलेला. घोडी म्हणून तिला सात पौंडांची सवलत होती. आणि ती नीट उड्या मारते. तिच्या मालकाने घोडींची सोपी शर्यत सोडून मोठीत उतरवलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती.

उड्यांच्या शर्यतीत नीट पार पडणं हाही गुण आहे आणि त्याची किंमत भावात सहसा कमी धरली जाते. कॉन्स्टिट्यूशन हिल पुढच्याच महिन्यात लिव्हरपूलच्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवरही पडला. तेव्हा कुठे लोकांनी त्याच्या उडीकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली.

जमीन मऊ की कडक, याने खरंच एवढा फरक पडतो?

पुण्याच्या पावसाळी हंगामात जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा बघून पूर्ण कार्ड फिरवणाऱ्यांना हे सांगायला नको. तिकडे आकड्याऐवजी बहुधा शब्द बोलतात: गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. आयर्लंडात मधल्या पायरीला यील्डिंग म्हणतात. हेवीवर तीन मैल म्हणजे कोरड्यावरचे साडेतीन मैल समजून हिशेब करा. वेग बोथट होतो, दम बोलतो, आणि पाठीवरचा प्रत्येक पौंड जाणवतो. मोठ्या खुराचा, गुडघे उचलून धावणारा घोडा चिखलात खुलतो, तर जमिनीलगत झपझप पावलं टाकणारा अडकतो. शर्यतीच्या आदल्या रात्रीचा पाऊस बघितल्याशिवाय मत पक्कं करू नये.

भाव कसा वाचायचा?

तिकडे भाव अपूर्णांकात. ५/२ म्हणजे दोन लावले तर पाच नफा. शक्यता काढायची तर मागचा आकडा भागिले दोन्हींची बेरीज: २ भागिले ७, म्हणजे साधारण २९ टक्के. इव्हन म्हणजे ५०. २५/१ म्हणजे चारच्या आतबाहेर. सगळ्या घोड्यांची बेरीज शंभरच्या वर जाते. वरचं ते बुकीचं.

आता २०२५ची गोल्ड कप घ्या. गॅलोपाँ दे शाँचा भाव ८/१३, म्हणजे जवळजवळ ६२ टक्के. सलग तिसऱ्या गोल्ड कपसाठी तो आला होता आणि आधीच्या दोन्ही शर्यती त्याच्या नावावर. तो जिंकेल असं मलाही वाटत होतं. पण तीन मैलांहून लांब, २२ फेन्स, मागे लागलेले ताजे घोडे, हे सगळं धरून ६२ टक्के? ५० म्हटलं असतं तर पटलं असतं. दुसऱ्या बाजूला ट्रेनर गॅव्हिन क्रॉमवेलचा ‘आय नो द वे यू आर थिंकिन’, भाव १५/२, बारा टक्क्यांच्या आत. फेब्रुवारीत गॅलोपाँच्या मागे चौथा आला होता, पण मागून चाल धरत आला होता. वय सातच, आदल्या वर्षी याच फेस्टिवलमध्ये हँडिकॅप (चांगल्या घोड्याला जास्त वजन देणारी शर्यत) जिंकलेला, लांब पल्ल्याचा इतका खात्रीचा की ग्रँड नॅशनलसाठी त्याची चर्चा चालू होती. मूळ नोंदणीत नसताना २५,००० पौंड भरून ऐनवेळी त्याला गोल्ड कपला उतरवलं. मालक जे. पी. मॅकमॅनस, पण श्रीमंत मालकसुद्धा उगाच एवढे भरत नाही. मार्क वॉल्शने त्याला सहा लेंग्थने जिंकून आणलं.

म्हणून ‘कोण जिंकेल’ इतकंच विचारून थांबू नका, ‘या भावाला घेण्यासारखा कोण’ हेही विचारा. फेव्हरिट ढोबळमानाने तीनांत एकदा जिंकतो. हे सूत्र धरलं तर उरलेल्या दोन वेळा नवल वाटत नाही.

एकाच ट्रेनरचे पाच-सहा घोडे उतरतात, मग कुठला धरायचा?

हा प्रश्न म्हणजे विली मुलिन्सचा प्रश्न. २०२४ला त्यांनी चेल्टनहॅम फेस्टिवलमधला शंभरावा विजय गाठला; एकाच फेस्टिवलमध्ये दहा विजय त्यांनी २०२२ आणि २०२५ असे दोनदा मिळवले. आयर्लंडात राहून ते ब्रिटनचेही चॅम्पियन ट्रेनर झाले.

पहिली खूण जॉकी. मुलिन्सचा मुख्य जॉकी पॉल टाउनएंड कुठला घोडा निवडतो, त्यावर भाव हलतो. पण ही खूण फसवतेही. २०२५च्या ग्रँड नॅशनलमध्ये टाउनएंड आदल्या वर्षीच्या विजेत्यावर, आय ॲम मॅक्सिमसवर होता. जिंकला त्याच तबेल्याचा निक रॉकेट, ३३/१च्या भावाने, आणि वर बसला होता विलींचा मुलगा पॅट्रिक, जो व्यावसायिक जॉकी नाही, हौशी आहे. मॅक्सिमस दुसरा, तिसराही मुलिन्सचाच. बाप कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला. अशा तबेल्यांत दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या घोड्याचा भाव नाहक फुगलेला असतो, आणि मला बघायला तोच आवडतो.

ग्रँड नॅशनलचं गणित वेगळं असतं का?

पूर्ण वेगळं. सुमारे ६.९ किलोमीटर, ३० फेन्स, आणि हँडिकॅप असल्यामुळे चांगल्या घोड्याला जास्त वजन. १९६७ला २३व्या फेन्सवर घोड्यांचा असा ढीग झाला की मागून रमतगमत येणारा १००/१चा फॉइनावन तेवढा पार झाला. त्या फेन्सला आज त्याचंच नाव आहे.

पण त्या काळच्या गोष्टींवर आजचा अंदाज बांधू नका. २०१३पासून फेन्सच्या आतले लाकडी गाभे काढून प्लास्टिकचे घातले. २०२४पासून घोडे ४०ऐवजी जास्तीत जास्त ३४, पहिली फेन्स सुरुवातीच्या जवळ आणली, म्हणजे तिथवर पोचताना वेग बेताचा राहावा. त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. काही जॉकी खाली आले तेवढेच. नशिबाचा वाटा आटला आणि दर्जेदार घोड्यांचा वाढला. पूर्वी हलक्या वजनाचा जुना घोडा शोधायचे, आता मी वरच्या वजनाच्या, लांब पल्ला सिद्ध केलेल्या घोड्यांपासून सुरुवात करतो.

इथे ईच-वे लावणारे बरेच. अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे प्लेसवर. मोठ्या हँडिकॅपमध्ये सहसा चार नंबरांपर्यंत पैसे मिळतात, काही बुकी याहून जास्त देतात. अटी आधी वाचा.

‘गेल्या इतक्या वर्षांत असं झालेलं नाही’ छापाच्या आकडेवारीवर विश्वास ठेवावा?

जपून. ‘सात वर्षांचा घोडा नॅशनल जिंकत नाही’ हा दाखला वर्षानुवर्षं दिला जायचा, आणि तो खराही होता, १९४०च्या बॉगस्कारनंतर कुणी जिंकला नव्हता. २०२२ला सात वर्षांचा नोबल येट्स ५०/१ने जिंकला. अशा आकड्यामागे कारण सांगता आलं तर तो धरावा, नाहीतर तो योगायोग समजून सोडून द्यावा.

कार्डावरच्या बारीक खुणांकडे लक्ष द्यावं का?

दोन खुणांकडे नक्की. एक श्वासनलिकेची शस्त्रक्रिया. ब्रिटनमध्ये २०१८पासून ती झाल्यावरची शर्यत कार्डावर नोंदवतात. शेवटच्या दोन फर्लांगात गळपटणारा घोडा यानंतर कधीकधी वेगळाच दिसतो. दुसरी खूण पहिल्यांदाच लावलेल्या ब्लिंकरची, म्हणजे डोळ्यांच्या बाजूच्या झापडांची. बाकी खुणा सोडल्या तरी चालतील.

व्हॉट्सॲपवर ‘पक्की खबर’ देणारे ग्रुप असतात, ते कसे?

जिंकलेली तिकिटं दाखवतात, हरलेली पुसतात. पैसे मागितले की बाहेर पडा.

भारतातून या शर्यतींवर पैसे लावता येतात का?

१९९६ला सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं, आणि रेसकोर्सवर परवानाधारक बुकी किंवा टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून विजेत्यांत वाटणारी रेसकोर्सची व्यवस्था) लावणं वेगळं. परदेशी संकेतस्थळावर मोबाइलवरून लावणं ही निराळी बाब आहे: २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. त्या वाटेला जाऊ नका. कागदावर चार नावं लिहून मित्रांत चहा-मिसळीची पैज लावली तरी अंदाजाची सगळी मजा मिळते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी वयाची अट १८. जिंकण्याच्या नादात घरखर्चाला हात लागत असेल तर घरच्यांशी लगेच बोला.

या शर्यतींत घोडे मरतात, हे खरं ना?

खरं आहे, आणि ते झाकून या खेळाचं कौतुक करू नये. मोडलेला पाय घोड्यात बहुतेक वेळा जुळवता येत नाही. सुधारणा होतायत: नॅशनलचे बदल वर आलेच, शिवाय घोड्यांना नारिंगी रंग नीट दिसत नाही हे संशोधनातून कळल्यावर ब्रिटनने अडथळ्यांवरचे नारिंगी भाग पांढरे केले. धोका त्याने कमी झाला, संपला नाही. ज्यांना हे बघवत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

भारतात हे बघायचं तर किती वाजता?

मार्चमध्ये ब्रिटनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तिथले दुपारचे चार ते आपले रात्रीचे साडेनऊ. नॅशनल एप्रिलमध्ये, तोवर त्यांनी घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं, त्यामुळे तिथले चार म्हणजे आपले साडेआठ. वेळ दरवर्षी थोडी हलते, त्या दिवशीचं कार्ड बघून घ्या. आणि जमिनीची शेवटची नोंद शर्यतीच्या सकाळी येते, ती आपल्याकडे दुपारी हाती लागते. मत बदलायला तेवढा वेळ पुरतो.